कमी मिठाचे टोमॅटोचे दाट सूप

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर व नाशिक या तालुक्यांत खरिपाच्या टोमॅटोची तोडणी साधारणतः ऑगस्टपासून सुरू होते, आणि पिंपळगाव बसवंत व गिरणारे येथील बाजार क्रेटांनी भरून जातात. दूरच्या बाजारपेठेत पाठवावयाचा माल रंग धरू लागताच तोडावा लागतो. झाडावर पूर्ण पिकून लाल झालेले, मऊ पडलेले किंवा किंचित तडकलेले फळ प्रतवारीत बाजूला निघते व बहुधा बांधावर टाकले जाते. भावाची शाश्वतीही नसते. २०२३ सालच्या मे महिन्यात भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरीही सुटेना. त्याच वर्षी जुलैत ते भडकले आणि सप्टेंबरपर्यंत पुन्हा खाली आले. बाजाराचे हे चढउतार एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाहीत. परंतु बाजूला निघालेले पिकले फळ स्वतःच्या कुटुंबाच्या आहारात आणणे त्याच्या हाती निश्चित आहे. त्याचा एक सोपा मार्ग म्हणजे टोमॅटोचे दाट सूप. ते अर्ध्या तासाच्या आत होते, आणि योग्य रीतीने केल्यास त्यास मीठ फारच थोडे लागते. हा दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मीठ कमी का करावे?

खाण्याच्या मिठात वजनाने सुमारे दोन पंचमांश भाग सोडिअम असते. शरीरास सोडिअमची गरज आहे, परंतु ती थोडी आहे. आहारात ते सतत जास्त गेल्यास रक्तदाब वाढतो, आणि वाढलेल्या रक्तदाबामुळे पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढतो. हा विकार पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे शरीरात राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. भाजी, आमटी, लोणचे, पापड, शेव, चिवडा व बिस्किटे या सर्वांतील मीठ या एका चमच्यात बसवावयाचे आहे.

शेतात घाम गाळणाऱ्या माणसास मीठ जास्तच हवे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः नेहमीच्या जेवणातून मिळणारे मीठ बहुतेकांस पुरेसे असते. उन्हात काम करणाऱ्यास मुख्यतः पुरेसे पाणी हवे असते. सैंधव किंवा काळे मीठ वापरल्याने सोडिअम टळते, हाही गैरसमज होय. ही मिठेही मुख्यतः सोडिअम क्लोराइडचीच बनलेली असतात. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. फक्त ते कमी घ्यावे.

टोमॅटोच का?

१०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत सोडिअम अवघे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, तर पोटॅशिअम २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. याशिवाय पिकलेल्या टोमॅटोत आंबटपणा, गोडी आणि जिभेस भरीव वाटणारी एक स्वाभाविक रुची असते. फळ जसजसे पिकते तसतशी ही रुची वाढते. कच्च्या, फिकट फळाच्या सुपात ती नसल्यामुळे त्याची उणीव मिठाने भरून काढावी लागते. म्हणजेच बाजार जे फळ मऊ म्हणून नाकारतो, तेच सुपासाठी उत्तम ठरते. मात्र कुजलेले, बुरशी आलेले किंवा अळीने पोखरलेले फळ घेऊ नये. फवारणीनंतर औषधाच्या वेष्टणावर दिलेला प्रतीक्षाकाळ संपलेल्या झाडांवरीलच फळे घ्यावीत व ती वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत.

साहित्य (चार माणसांसाठी)

पूर्ण पिकलेले टोमॅटो अर्धा किलो. मध्यम कांदा एक. लसूण तीन पाकळ्या. लहान बटाटा एक. ताजे दूध एक वाटी (सुमारे १५० मिलिलिटर). तांदळाचे पीठ चहाचे दोन चमचे. घरचे अळणी लोणी चहाचे दोन चमचे. जिरे, मिरी व कोथिंबीर. पाणी दोन वाट्या. मीठ चहाचा पाव चमचा.

लोणी घरचेच घ्यावे, कारण विकतच्या पिवळ्या लोण्यात बहुधा मीठ घातलेले असते. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगली कल्हई असलेले असावे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात टोमॅटो कळकतो.

कृती

१. लोण्यात जिरे, बारीक चिरलेला कांदा व ठेचलेला लसूण घालून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतावे. या परतण्यास पाच मिनिटे द्यावीत. कांद्याची गोडी येथेच उतरते, आणि ही गोडी मिठाची उणीव भासू देत नाही.

२. टोमॅटोच्या व बटाट्याच्या फोडी घालून पाणी ओतावे, झाकण ठेवावे व बटाटा मऊ होईपर्यंत शिजवावे.

३. मिश्रण थोडे निवल्यावर रवीने घुसळून चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून गाळावे. साली व बिया मागे राहतात. बटाट्याने रस दाट होतो.

४. दुसऱ्या भांड्यात गार दुधात तांदळाचे पीठ कालवून, सतत ढवळत मंद आचेवर तीन-चार मिनिटे दाट होईपर्यंत शिजवावे.

५. गरम टोमॅटोचा रस या दुधात थोडा थोडा ओतत ढवळावे. यानंतर मिश्रणास उकळी येऊ देऊ नये. केवळ गरम करून उतरवावे.

६. शेवटी मिरपूड, कोथिंबीर व मीठ घालावे. मीठ आरंभी घातल्यास रस आटतो तसा खारटपणाचा अंदाज चुकतो. शेवटी घातलेले मीठ चाखून घालता येते व थोडक्यात भागते.

दूध फाटते त्याचे कारण

दाट सूप करण्यास गृहिणी कचरतात ते मुख्यतः दूध फाटण्याच्या भीतीने. टोमॅटोतील आम्लामुळे दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येऊन त्याच्या गुठळ्या बनतात, आणि उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते. यावर अनेक ठिकाणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने आम्ल मारले जाते हे खरे. परंतु सोडा हाही सोडिअमचाच क्षार आहे. पाव चमचा सोड्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडिअम असते. मीठ कमी करावयाचे आणि सोडा घालावयाचा, म्हणजे एका दाराने घालविलेले दुसऱ्या दाराने आत घेण्यासारखे आहे. शिवाय सोड्याने टोमॅटोची चव मंदावते व त्यातील क जीवनसत्त्वही नष्ट होते.

पिठात शिजविलेले दूध सहसा फाटत नाही, कारण पिठातील पिष्ट प्रथिनाच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवते. मात्र दूध ताजे असावे, रस दुधात ओतावा (दूध रसात नव्हे) आणि नंतर उकळू नये. ज्यांस दूध मानवत नाही त्यांनी दुधाऐवजी दोन मोठे चमचे भिजविलेले शेंगदाणे किंवा शिजविलेली मुगाची डाळ बारीक वाटून घालावी. त्यानेही सूप दाट होते, आणि फाटण्याचा प्रश्नच उरत नाही.

हिशेब

वरील प्रमाणात चार माणसांसाठी पाव चमचा, म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ पडते. दूध व भाज्यांतील स्वाभाविक सोडिअम धरून दर माणशी सुमारे १५० मिलिग्रॅम सोडिअम जाते. त्याच सुपात पूर्ण चमचा मीठ घातल्यास हा आकडा ५०० च्या वर जातो. विकतच्या सुपाच्या पाकिटावरील सोडिअमचा आकडा अवश्य वाचावा. त्यास अडीचने गुणले असता मिठाचे प्रमाण कळते.

सुपाबरोबर पापड किंवा शेव घेतल्यास हा सारा हिशेब वाया जातो. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, आणि तोही सोडिअमचाच क्षार आहे. त्याऐवजी बाजरीच्या किंवा ज्वारीच्या अळणी भाकरीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत भाजून घ्यावेत.

दक्षता

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशिअममुळे टोमॅटोचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ‘कमी सोडिअमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशिअम क्लोराइड असल्याने तेही अशा रुग्णांनी सल्ल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या आहारातील बदलावर विसंबून बंद करू नयेत. दूध घातलेले सूप त्याच दिवशी संपवावे.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तोडणीच्या हंगामात महिला बचत गटाच्या बैठकीत हे सूप करून दाखवावे. एक सूप हिरवट फळाचे व दुसरे पूर्ण पिकलेल्या फळाचे करावे. दोहोंत मीठ सारखेच, पाव चमचा घालावे आणि कोणते कोणत्या फळाचे हे न सांगता चाखण्यास द्यावे. त्याच बैठकीस आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेस बोलावून तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब मोजून घ्यावा. सूप पहिल्या दिवशी अळणी वाटले तरी नाउमेद होऊ नये. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जिभेस सवय होते, आणि पुढे पूर्वीचेच अन्न खारट वाटू लागते. बांधावर टाकले जाणारे फळ अशा रीतीने ताटात आले, तर वाया जाणारा माल वाचेल आणि घरातील माणसांच्या प्रकृतीचेही रक्षण होईल.