मिरचीच्या कुंडीसाठी खत

मिरची (कॅप्सिकम ॲन्यूम, कुल–सोलॅनेसी) कुंडीत लावल्यास तिच्या मुळांना थोड्याच मातीवर अवलंबून राहावे लागते. शिवाय वारंवार दिलेल्या पाण्याबरोबर विद्राव्य पोषक द्रव्ये, विशेषतः नायट्रेटे, निचऱ्यावाटे निघून जातात. म्हणून खत एकदम न देता थोडे थोडे व वाढीच्या अवस्थेनुसार देणे इष्ट असते.

लागवडीपूर्वी मातीत चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत मिसळतात. रासायनिक खताच्या पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फेट व पोटॅश यांचे शेकडा प्रमाण दर्शवितात. रोप वाढत असताना १९:१९:१९ यासारखे समतोल खत पाण्यात सौम्य विरघळवून देतात. फुले येऊ लागल्यावर पोटॅश अधिक असलेले खत निवडतात. या वेळी यूरिया (नायट्रोजन ४६%) दिल्यास झाड माजते. पाने भरपूर येतात, पण फळे कमी धरतात.

फळांच्या टोकाकडील काळपट, खोलगट डाग फळात कॅल्शियम कमी पोहोचल्याचे लक्षण होय. हा दोष बहुधा अनियमित पाण्यामुळे उद्भवतो. जादा खताने तो बळावू शकतो. मातीवर पांढरा थर साचून पानांच्या कडा करपू लागल्यास खत थांबवून भरपूर पाण्याने क्षार निचरून काढतात.