कॅमेरा नवा, पण उजेड किती?

घरात एखादे मंगलकार्य ठरले किंवा लांबच्या प्रवासाचा बेत पक्का झाला, की कपाटातला जुना कॅमेरा बाहेर निघतो. त्याची बॅटरी चार्ज होते, चार-दोन छायाचित्रे काढून पाहिली जातात आणि घरातील कोणी तरुण सदस्य म्हणतो, 'आता नवा घ्यायला हवा.' दुकानात गेल्यावर 'मिररलेस' हा शब्द कानी पडतो. नवशिक्यांसाठी म्हणून ठेवलेला, त्या श्रेणीतला सर्वांत स्वस्त कॅमेरा आणि त्याच्या खोक्यातच मिळणारी लेन्स समोर मांडली जाते. त्या क्षणी खिशातला जुना कॅमेरा बापुडवाणा वाटू लागतो. तो खरोखरच तसा आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

वस्तुतः हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने कॅमेरा ही आजही किरकोळ खरेदी नव्हे. शिवाय येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. आजीची पंचाहत्तरी पुन्हा येत नाही आणि नातवंडाचे पहिले पाऊलही पुन्हा पडत नाही. तो क्षण टिपणारे यंत्र कोणत्या गुणावर निवडावे, याचा विचार जाहिरातीवर सोपवून चालणार नाही.

आरशाची गोष्ट

'मिररलेस' म्हणजे आरसा नसलेला. हे नाव ज्याच्यात काय नाही ते सांगते. काय आहे ते सांगत नाही. छायाचित्रकारांच्या परंपरागत एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वरच्या खिडकीतून डोळ्यापर्यंत पोहोचत असे. बटण दाबताच आरसा वर उचलला जाई आणि प्रकाश फिल्मवर पडे. फिल्मची जागा सेन्सरने घेतल्यावर या आरशाची आवश्यकता उरली नाही. सेन्सरवर पडलेले चित्र अखंडपणे पडद्यावर दाखविता येते, मग मध्ये आरसा कशासाठी? या विचारातून २००८ मध्ये पॅनासॉनिकचा 'ल्युमिक्स जी-१' बाजारात आला आणि लेन्स बदलता येणाऱ्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

परंतु आरसा नसणे ही काही त्या वर्षीची नवलाई नव्हे. खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात तो कधीच नव्हता. तेव्हा आजचा मिररलेस आणि कालचा कॉम्पॅक्ट यांतील भेद आरशाचा नाही. तो दोन गोष्टींचा आहे: सेन्सरचे आकारमान आणि लेन्स बदलण्याची सोय. या दोन गोष्टींचे मोल ठरविले, की तुलनेचा निम्मा गोंधळ दूर होतो.

दोन उदाहरणे

तुलना हवेत राहू नये म्हणून दोन प्रत्यक्ष कॅमेरे घेणे बरे. पहिला सोनीचा 'आरएक्स-१००'. तो २०१२ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ६५० डॉलर होती. दुसरा कॅननचा 'ईओएस आर-१००'. २०२३ मध्ये आलेला हा कॅमेरा लेन्ससह सुमारे ६०० डॉलरला मिळू लागला. म्हणजे मधल्या अकरा वर्षांतील महागाई जमेस धरली नाही, तरी जुना कॅमेरा त्याच्या काळी नव्यापेक्षा महागच होता. 'जुना' आणि 'हलक्या प्रतीचा' हे शब्द समानार्थी नाहीत, ही पहिली खूणगाठ येथेच बांधता येते.

आता सेन्सरकडे वळू. सोनीच्या या कॅमेऱ्यात 'एक इंची' सेन्सर आहे असे म्हणतात. मात्र हा इंच केवळ नावापुरता आहे. त्या सेन्सरची लांबी १३.२ मिलिमीटर व रुंदी ८.८ मिलिमीटर भरते. दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. त्या नळीच्या बाहेरील व्यासावरून मापे सांगण्याची पद्धत पडली आणि नळ्या गेल्या तरी मापे राहिली. तथापि त्या काळच्या सर्वसाधारण कॉम्पॅक्टमधील सेन्सरच्या तुलनेत याचे क्षेत्रफळ सुमारे चौपट होते, हेही सांगितले पाहिजे. कॅननच्या कॅमेऱ्यातील सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे. म्हणजे एकाचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, तर दुसऱ्याचे ३३२. नवा कॅमेरा येथे जवळजवळ तिपटीने सरस ठरतो. मेगापिक्सेलमध्ये दोघे फारसे दूर नाहीत. एकाचे २०, दुसऱ्याचे २४.

दुकानातील चर्चा बहुधा येथे संपते. मोठा सेन्सर, म्हणून अधिक प्रकाश, म्हणून अधिक चांगले चित्र, असा तो युक्तिवाद असतो. त्यातली एक कडी मात्र निसटलेली असते.

हिशेब प्रकाशाचा

सेन्सर हे पावसात ठेवलेले घंगाळ आहे असे मानले, तर लेन्स ही त्यात पाणी आणणारी पन्हळ होय. घंगाळ कितीही मोठे असो, पन्हळ चिंचोळी असेल तर ते भरायला वेळ लागणारच. लेन्सच्या तोंडावर जो 'एफ' आकडा कोरलेला असतो, तो या पन्हळीच्या रुंदीचा पत्ता देतो. लेन्सच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले, की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. हा भागाकार शाळकरी मुलालाही जमेल. पण खरेदीच्या वेळी तो क्वचितच केला जातो.

जुन्या सोनीच्या लेन्सचे नाभीय अंतर सर्वांत रुंद कोनात १०.४ मिलिमीटर आणि एफ आकडा १.८ आहे. भागाकार येतो सुमारे ५.८ मिलिमीटर. नव्या कॅननसोबत मिळणारी लेन्स १८ ते ४५ मिलिमीटरची आहे. रुंद कोनात तिचा एफ आकडा ४.५, म्हणजे छिद्र ४ मिलिमीटर. दोन्ही कॅमेऱ्यांना समोरचे दृश्य येथे जवळजवळ सारखेच रुंद दिसते. व्यासांचा वर्ग करून पाहिले, तर त्या दृश्यातून जुना कॅमेरा नव्याच्या दुपटीने प्रकाश गोळा करतो. मोठ्या सेन्सरने जे कमावले ते चिंचोळ्या लेन्सने गमावले, आणि वर थोडे कर्जही झाले!

याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. माजघरातील एकाच दिव्याच्या उजेडात पाटावर बसलेली मंडळी टिपायची असतील, तर बारा-तेरा वर्षांपूर्वीचा खिशातला कॅमेरा खोक्यातल्या लेन्सच्या नव्या कॅमेऱ्यापुढे मुळीच हार जाणार नाही. झूम वाढविल्यावर मात्र चित्र पालटते. सोनीच्या लेन्सचा एफ आकडा झपाट्याने चढत ४.९ पर्यंत जातो, आणि मधल्या टप्प्यावर कॅननचे पारडे काहीसे जड होते. नव्या कॅमेऱ्याची लेन्स ज्या अंतरावर थांबते, त्याच्या पुढेही जुन्याची थोडी मजल असते, ही आणखी एक गोष्ट.

नव्याचे खरे गुण

एवढ्यावरून नवा कॅमेरा टाकाऊ ठरविणे हा अन्याय होईल. त्याचे काही गुण असे आहेत, की ज्यांना जुन्याकडे उत्तर नाही. पहिला गुण फोकसचा. जुना कॅमेरा लेन्स पुढे-मागे करून, चित्र कोठे सर्वांत रेखीव दिसते ते चाचपडत शोधतो. नव्या कॅमेऱ्यात सेन्सरवरील पिक्सेल दोन भागांत विभागलेले असतात. दोन्ही भागांनी पाहिलेल्या प्रतिमांतील फरकावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवावी, हे त्याला आधीच कळते. माणसाचा चेहरा व डोळे तो आपण होऊन हेरतो. अंगणात धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढणाऱ्याला या एका सुधारणेचे मोल पटवून द्यावे लागत नाही.

दुसरा गुण डोळ्याला लावण्याच्या खिडकीचा. भर उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो. अशा वेळी जुना कॅमेरा हाती असलेला माणूस अंदाजानेच बटण दाबतो. नव्या कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक खिडकीतून त्याला दृश्य नीट दिसते. मात्र या स्वस्त कॅमेऱ्याचा मागचा पडदा वळत नाही आणि स्पर्शालाही दाद देत नाही. भ्रमणध्वनीवर बोट फिरविण्याची सवय झालेल्या पिढीला हे खटकल्याशिवाय राहणार नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे लेन्स बदलण्याची सोय. याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स लावली, तर छिद्राचा व्यास २७ मिलिमीटरच्या वर जातो. खोक्यातील लेन्स पूर्ण झूमवर ७ मिलिमीटरच्या आसपास राहते. प्रकाशाच्या भाषेत हा फरक सुमारे पंधरा पटींचा आहे. ही लेन्स झूम होत नाही आणि हात हलला तर सांभाळूनही घेत नाही. परंतु समईच्या उजेडातील चेहरा, मागची गर्दी विरघळून गेलेली, असे चित्र तिच्यातून मिळते. ते जुन्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. अमेरिकेत २०२० मध्ये ही लेन्स २०० डॉलरला आली. म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात कॅमेऱ्याचा कायापालट होतो.

कपाट, खिसा आणि पावसाळा

कागदावरील गुणदोषांखेरीज एक हिशेब वजनाचाही असतो. जुना सोनी बॅटरीसह २४० ग्रॅम भरतो आणि सदऱ्याच्या नाही तरी कोटाच्या खिशात मावतो. नवा कॅनन लेन्ससह ४८० ग्रॅमच्या पुढे जातो. त्याला पिशवी लागते. दुप्पट वजन ही तक्रार क्षुल्लक वाटेल. पण पुष्कळ चांगले कॅमेरे पिशवीच्या कंटाळ्यापायीच कपाटात पडून राहतात. कपाटातील कॅमेऱ्याचा सेन्सर कितीही मोठा असो, त्यावर पडणारा प्रकाश शून्य असतो.

आपल्याकडील हवामानाचाही विचार केला पाहिजे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने लेन्सवर बुरशी धरते. कॉम्पॅक्टची लेन्स अंगाशीच जखडलेली असते. आत बुरशी शिरली, की सारा कॅमेराच धोक्यात येतो. शिवाय झूमची नळी आत-बाहेर होताना धूळ ओढते, आणि ती सेन्सरवर बसली तर कॅमेरा उघडल्यावाचून निघत नाही. मिररलेसमध्ये लेन्स बदलताना धूळ शिरतेच. पण ती फुंकणीने काढता येते, आणि बुरशी लागली तर लेन्स बदलून कॅमेरा वाचविता येतो. कॅमेरा कोणताही असो, चामड्याच्या ओलसर पेटीऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे, हा स्वस्तातला विमा होय. वापरलेला कॉम्पॅक्ट घेणाऱ्याने लेन्समध्ये विजेरीचा झोत टाकून कोळिष्टकासारखे तंतू दिसतात काय, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

प्रवेशद्वारापाशी

कॅमेऱ्यांचा व्यवसाय आज कोठे उभा आहे, हे पाहिले म्हणजे या तुलनेचा दुसरा अर्थ लागतो. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यांतील बहुतांश लेन्स जखडलेले होते. २०२३ मध्ये सर्व प्रकारचे मिळून ८० लाखही भरले नाहीत. मधला बाजार भ्रमणध्वनीने गिळला. स्वस्त, लहान कॅमेरे बनविणे बहुतेक कंपन्यांनी सोडून दिले. साहजिकच नवा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या सामान्य ग्राहकापुढे सर्वांत स्वस्त मिररलेस हाच ठळक पर्याय उरला. अलीकडे तरुण मंडळी जुने कॉम्पॅक्ट हुडकत फिरू लागली आहेत. त्यात हौसेचा भाग असेल, परंतु ती हौस अगदीच अडाणी नाही.

'प्रवेशिका' श्रेणीचा कॅमेरा हा नावाप्रमाणेच एक दरवाजा आहे. दरवाजा घर नव्हे. उंबरठा ओलांडून जो पुढे जाईल, दुसरी लेन्स घेईल, शटरचा वेग आणि एफ आकडा यांचे नाते शिकेल, त्याच्या पैशाचे चीज होईल. परंतु पुष्कळ ग्राहक उंबरठ्यावरच थांबतात. खोक्यातील लेन्स कॅमेऱ्यावर चढते आणि कधीच उतरत नाही. लेन्स बदलता येते म्हणून त्यांनी दाम मोजलेले असतात. लेन्स मात्र बदललेली नसते. अशा ग्राहकाला त्याचा जुना, चांगल्या कुळीचा कॉम्पॅक्ट पुष्कळ प्रसंगी तेवढेच आणि मंद उजेडात कदाचित अधिक देत होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा निर्णयाची कसोटी नव्या-जुन्याची नसावी. घरातील मुले धावती आहेत, शिकण्याची हौस आहे आणि येत्या वर्षभरात दुसऱ्या लेन्सची तरतूद करता येईल, तर मिररलेस खुशाल घ्यावा. तसे नसेल, तर कपाटातील जुना कॅमेरा बाहेर काढावा, त्याला नवी बॅटरी घालावी, लेन्स मऊ फडक्याने पुसावी आणि तो खिशात घेऊन कार्याला जावे. वाचलेल्या पैशांतून निवडक छायाचित्रे कागदावर छापून घेतली, तर आणखी उत्तम. पंचवीस वर्षांनी तो संग्रह उघडणारा माणूस छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढले हे विचारणार नाही. आजी त्यात स्पष्ट दिसते आहे की नाही, एवढेच तो पाहील.