जुन्या संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडताना

२००६ सालची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याला जोडलेला संगणक बराच जुना होता. त्याची हार्ड डिस्क भरत आली, म्हणून १६० गिगाबाइटची दुसरी डिस्क नव्या संगणकावर तयार करून आम्ही त्यात बसवली. वर्षभर ती उत्तम चालली. मग एके दिवशी तिच्यातील फाइलींची यादीच नाहीशी झाली. डिस्क बिघडली नव्हती. चुकले होते ते आमचे गणित.

जुन्या संगणकाला 'जुळणारी' डिस्क म्हणजे कोणती? पहिली जुळणी जोडणीची. जुन्या संगणकात ४० पिनांची रुंद, चपटी पट्टी असते. २००३ नंतर रूढ झालेल्या साटा प्रकारात ७ संपर्कांची अरुंद तार असते. एक दुसऱ्यात बसत नाही. चपट्या पट्टीवर दोन डिस्क जोडता येतात. पण आज्ञा कोणासाठी आहे हे त्यांना कसे कळावे? त्यासाठी डिस्कच्या मागे जम्पर नावाची छोटी टोपी असते. ती एका डिस्कवर 'मास्टर' आणि दुसरीवर 'स्लेव्ह' या जागी बसवायची. दोन्ही 'मास्टर' ठेवल्या, तर बहुधा एकही ओळखली जात नाही.

दुसरी जुळणी पत्त्याची, आणि आम्ही फसलो ते येथेच. डिस्कवर ५१२ बाइटचे कप्पे असतात व प्रत्येकाला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत या क्रमांकासाठी द्विमान पद्धतीचे २८ अंक राखलेले होते. म्हणजे कप्पे झाले २ चा २८ वा घात, अर्थात २६,८४,३५,४५६. त्याला ५१२ ने गुणले की १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट, सुमारे १३७ गिगाबाइट. २००२ च्या मानकात ४८ अंकांची सोय झाली. पण त्याआधीच्या प्रणालीला ती ठाऊक नसते.

मग १३७ च्या पुढे लिहिताना काय होते? पाच आकडी मीटर असलेल्या स्कूटरचे ९९,९९९ किलोमीटर झाले की मीटर पुन्हा शून्यावर येतो. तसाच पत्त्याचा वरचा अंक गळतो आणि नवी माहिती डिस्कच्या आरंभी लिहिली जाते. नेमकी तिथेच डिस्कच्या विभागांची व फाइलींची नोंद असते! वर्षभर काहीच न बिघडण्याचे कारणही हेच.

म्हणून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी. वीज बंद करून तार भिंतीवरील सॉकेटमधून काढावी, मगच पेटी उघडावी. पट्टीची रंगीत कडा पहिल्या पिनेकडे येईल असे पाहावे. संगणक सुरू होताना दिसणारी क्षमता डिस्कवरील आकड्याशी ताडून पाहावी. ती कमी दिसली, किंवा प्रणाली २००२ पूर्वीची असली, तर डिस्कच्या आरंभापासून १२० गिगाबाइटचाच विभाग करावा व उरलेली जागा सोडून द्यावी. थोडी जागा वाया जाईल, पण विद्यार्थ्यांचे काम वाचेल.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न : हीच मर्यादा काही संगणक १३७, तर काही १२८ गिगाबाइट अशी दाखवतात. दोन्ही बरोबर कसे? एक गिगाबाइट म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट असे धरून विद्यार्थ्यांना भागाकार करू द्यावा.