पट्टा चालनातील केंद्रोत्सारी ताण
कप्पीवरून वळताना पट्ट्याच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे त्यात निर्माण होणारा जादा ताण. पट्ट्याने एका दंडाकडून दुसऱ्या दंडाकडे किती शक्ती नेता येईल, याची मर्यादा मोठ्या वेगाला या ताणामुळे ठरते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी वाफ एंजिनाची शक्ती लांब दंड व पट्टे यांच्याद्वारे मागांपर्यंत नेली जात असे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे यंत्रागणिक मोटर बसविण्याची पद्धत रूढ होऊन ही रचना मागे पडली. मात्र मोटर व यंत्र यांना जोडणारा पट्टा टिकून राहिला. पिठाच्या गिरणीत तो सहज पाहावयास मिळतो.

पट्ट्याच्या तंग व ढिल्या बाजूंच्या ताणांतील फरकाला वेगाने गुणिले असता प्रेषित शक्ती मिळते. हा फरक पट्टा व कप्पी यांमधील घर्षणामुळे टिकतो. यावरून वेग दुप्पट केल्यास शक्तीही दुप्पट होईल असे वाटते व कमी वेगाला ते जवळजवळ खरे असते. परंतु कप्पीवरील पट्ट्याचा प्रत्येक भाग सरळ रेषेत जाऊ पाहतो. त्याला वर्तुळमार्गावर ठेवण्यात ताणाचा काही भाग खर्च होतो. हा भाग म्हणजे केंद्रोत्सारी ताण. तो एक मीटर पट्ट्याचे वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतका असतो. कप्पीच्या व्यासाचा त्यात वेगळा संबंध येत नाही. दोन्ही बाजूंना तो सारखाच असल्याने शक्तिप्रेषणास उपयोगी पडत नाही. उलट, पट्ट्याला सोसेल अशा ताणातील वाटा तो व्यापतो व कप्पीवरील पकड सैल करतो.

उदा., १०० मिमी. रुंद व ६ मिमी. जाड चामडी पट्ट्याचे वस्तुमान दर मीटरला सु. ०·६ किग्रॅ. असते. अनुज्ञेय ताण १,२०० न्यूटन, घर्षणांक ०·३ व पट्ट्याचा वेढा कप्पीच्या अर्ध्या परिघाइतका मानल्यास १० मी./से. वेगाला सु. ७ किवॉ., २० मी./से. वेगाला सु. ११·७ किवॉ. व २६ मी./से. वेगाला सु. १२·६ किवॉ. शक्ती नेता येते. ३५ मी./से. वेगाला मात्र ती सु. १० किवॉ. पर्यंत उतरते आणि सु. ४५ मी./से. वेगाला शून्य होते. केंद्रोत्सारी ताण अनुज्ञेय ताणाच्या एक-तृतीयांश असताना शक्ती कमाल असते.

मिनिटाला १,४४० फेरे घेणाऱ्या मोटरीवर १५० मिमी. व्यासाची कप्पी असल्यास पट्ट्याचा वेग सु. ११ मी./से. होतो व वरील पट्ट्यात केंद्रोत्सारी ताणाचा वाटा सु. ६ टक्केच असतो. दोन्ही कप्प्या प्रमाणात मोठ्या केल्यास प्रथम लाभ होतो. पण मोटरीची कप्पी ३५० मिमी. होताच कमाल मर्यादा ओलांडली जाते. पट्टा रुंद वा जाड केल्याने शक्ती वाढते, परंतु ही वेगमर्यादा बदलत नाही, कारण बळाबरोबर वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून मोठ्या वेगासाठी वजनाच्या मानाने अधिक बळकट द्रव्याचा, उदा., नायलॉनचा गाभा असलेला पट्टा निवडतात. तसेच थांबलेल्या स्थितीत पुरेसा तंग वाटणारा पट्टा पूर्ण वेगात घसरू शकतो, हे ध्यानात घेऊन त्याचा प्रारंभिक ताण ठरवावा लागतो.