पूर्णगडची खाडी आणि चंद्राचा हिशेब

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेकडे गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तेथे, टेकडीवर पूर्णगडाचा छोटेखानी किल्ला दिसतो. त्याच्या दरवाजावर गणपतीच्या बाजूंस चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. ‘आचंद्रसूर्य’ टिकावे या इच्छेने अशी चिन्हे कोरण्याची रीत जुनीच. परंतु खालच्या खाडीत दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी पाहिले की ती येथे विशेष समर्पक वाटतात.

पूर्वी मालाची गलबते या मुखातून शिरून भरतीबरोबर साटवलीकडे जात आणि ओहोटीबरोबर परतत. भरती चुकली की माल अडकला. त्यामुळे भरतीची वेळ ओळखणे हा व्यापाराचाच भाग होता. किनाऱ्यावरचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हे अंदाजपंचे वाटेल, पण ताळा करून पाहावा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणून तिथीमागे ४८ मिनिटे. सूत्र ४५ धरते. पंधरवड्यात पाऊण तासाची तूट येते खरी, परंतु नव्या पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असल्याने ती पुढे ओढली जात नाही. वहीखाते सांभाळणाऱ्यास हे कौशल्य सहज कळावे.

चंद्र पाणी ओढतो, एवढ्याने मात्र उलगडा होत नाही. तसे असते तर दिवसात एकच मोठी भरती आली असती. गुरुत्वाकर्षण अंतराबरोबर घटते. चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा अधिक ओढले जाते, तर पलीकडच्या बाजूचे पाणी मध्यापेक्षा कमी ओढले जाऊन मागे राहते. त्यामुळे दोन्ही बाजूंस फुगवटा येतो आणि फिरती पृथ्वी सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने भरती अनुभवते. भरतीचे कारण ओढ नसून ओढीतील फरक आहे, हे न्यूटनने १६८७ साली मांडले. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट अधिक बळाने ओढतो. पण तो फार दूर असल्याने दोन बाजूंच्या ओढीत फरक थोडा पडतो, आणि भरतीतील त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी राहतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे बळ जुळून उधाण येते, तेही बहुधा एक-दोन दिवस उशिरा. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांस छेद देतात व भांगाची भरती येते.

चंद्र शरीरातील पाणी ओढतो, म्हणून अष्टमी-चतुर्दशीचे नियम, असे समर्थन अनेकदा ऐकू येते. ते टिकत नाही. फरक पडण्यास समुद्राएवढा विस्तार लागतो. विहिरीत किंवा घागरीत भरती येत नाही, मग देहात कोठून येणार? शिवाय अष्टमीला तर भरती सर्वांत दुबळी. संयमाच्या नियमांना या उसन्या आधाराची गरजच नाही.

पाणी किती चढेल हे किनाऱ्याच्या आकारावरही अवलंबून असते. खंभातच्या आखातात निमुळत्या जागेत ते दहा मीटरांच्या आसपास जाते, मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरांच्या जवळ. पूर्णगडास त्याहूनही कमी. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. पाऊस आणि वारा मात्र कोष्टकात मावत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच दुपारची भरती आली आणि पाण्याला समुद्रात जाण्यास वाट उरली नाही. किती दुकाने व तळघरांतील गोदामे त्या दिवशी बुडाली! आता मुंबई महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. तळमजल्यावर माल ठेवणाऱ्यांनी ती पेढीच्या भिंतीवर लावून ठेवावी.