वर्गाचं वर्तमानपत्र : १५ एप्रिल १९४४

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या शिक्षकमित्रांनो, वर्गात युद्धकाळातलं वर्तमानपत्र काढायचंय? मग पानिपतापर्यंत कशाला जायचं! १५ एप्रिल १९४४चा अंक काढा.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा! त्यातली एक वीट दूरवरच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. चौकटीतली बातमी आयतीच मिळाली.

खरी मजा सेन्सॉरची. सरकारने सुरुवातीला बातम्या दाबल्या होत्या. म्हणून एकाला निळी पेन्सिल देऊन वार्ताहरांच्या मजकुरावर काट मारायला बसवा. भांडणं होतील, होऊ द्यात. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, हा आकडा मात्र छापू नका; दुसऱ्याच दिवशी तो कुठून कळणार?

कागदावर नियंत्रण होतं, तेव्हा अंक दोनच पानी. रेशनची बातमी हवीच. स्थानिक बातम्यांत कल्याणची लष्करी छावणी घ्या, पण ‘उल्हासनगर’ दिसलं की गुण कापा. छावणीच्या जागेला ते नाव १९४९मध्ये मिळालं. तसंही छावणीची बातमी सेन्सॉर सोडेल असं वाटत नाही.