टकळीची शाळा

वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. लोक येतात, बापूकुटी बघतात आणि परततात. शेजारच्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या शाळेच्या, आवारात फार कोणी डोकावत नाही. आपल्याकडच्या शिक्षणातला एक मोठा वाद ज्या शाळेवरून झाला, ती इथली.

सुरुवात वर्धा शहरात झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. परिषदेनं नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनं या शिक्षणयोजनेचा अहवाल २ डिसेंबरला दिलाही. आजच्या समित्यांनी ही तारीख जरूर बघावी. १९३८मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला. सेवाग्राम गावाचं नाव तेव्हा सेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४०मध्ये ते सेवाग्राम झालं. संघाचा भार उचलला सिलोनच्या आर्यनायकम यांनी आणि त्यांच्या पत्नी आशादेवींनी. दोघंही शांतिनिकेतनात काम करून आलेले.

अहवालातलं वेळापत्रक वाचलं की आजचा पालक दचकेल. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला आणि मातृभाषेला चाळीस मिनिटं. पण अभ्यास त्या उद्योगातूनच काढायचा होता. वर्धा कापसाचा मुलूख, तेव्हा साधन समोरच. कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजून पेळू करायचे आणि सूत कातायची टकळी धरायची. टकळी दिसते साधी, पण पेळू जरा जोरात ओढला की सूत तुटतं, ढिला सोडला की जाड येतं. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची गुंडी. गुंडीची लांबी किती, वजन किती, मग सूत कितव्या नंबरचं? गणिताचा तास आपोआप सुरू झाला. कापूस कुठून कुठं जातो हे विचारलं की भूगोल.

मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा, ही कल्पना मात्र पहिल्या दिवसापासून अडली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला. माझ्या मते तो विरोध रास्त होता. पोरांच्या सुतावर मास्तरांचा संसार टाकला की शिकण्यापेक्षा गुंड्या मोजण्याला महत्त्व येणार.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं योजना उचलली, ती टकळीसकट. विचार मागं राहिला. सूतकताईचा एक तास लागला आणि बाकीचे तास घोकंपट्टीला मोकळे झाले. जिल्हा परिषदेच्या कित्येक जुन्या शाळांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही पाटी अजून दिसते. ती त्याच काळाची खूण.

सेवाग्रामात काम जास्त खोल गेलं होतं. चित्रकार देवीप्रसाद १९४४पासून इथं कला शिकवत. मार्जरी साइक्स यांनी इथं शिक्षक घडवले. ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे डॉ. अभय बंग याच शाळेचे विद्यार्थी. तरीही सत्तरच्या दशकात शाळा बंद पडली.

२००५मध्ये त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ सुरू झालं. माध्यम मराठी. मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात, सफाई करतात, शिवणकाम शिकतात आणि सूतही काततात. बापूकुटी बघायला गेलात, तर परतीच्या रिक्षेत बसण्याआधी इकडेही चक्कर मारा.